ओव्हरक्लॉकिंगसाठी बोर्ड आणि रॅम: आधी ताईच्या फाइलची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. आकडे ऐकताना निसटतात, म्हणून ते इथे नीट वाचून घ्या.)

आज बोलायचंय ओव्हरक्लॉकिंगसाठी मदरबोर्ड आणि रॅम कशी निवडायची यावर. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो, कारण मी जे शिकलो ते तिथेच शिकलो.

२०२१ मध्ये मी माझा पहिला पीसी जोडला. प्रोसेसर रायझन ५ ५६००एक्स. बोर्ड घेताना खोक्यावर 'गेमिंग' लिहिलंय, लाइट लागतात, एवढंच बघितलं. घरी आलो, बायोसमध्ये गेलो आणि प्रोसेसरचा वेग वाढवायचा पर्याय शोधत बसलो. सापडेना. सापडणार कसा? बोर्ड ए५२० चिपसेटचा होता. त्यावर मेमरीचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. दुकानदारानं बोर्ड परत घेतला, पण कमी भावात. फरकाचे पैसे माझ्या खिशातून गेले.

म्हणून पहिला नियम: आधी चिपसेट बघा. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये बी४५०, बी५५०, एक्स५७० हे चालतात. एएम५ मध्ये बी६५० चालतो. ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. इंटेलकडे दोन अटी एकदम लागतात: प्रोसेसरच्या नावात 'के' हवा आणि बोर्ड 'झेड' मालिकेचा हवा. फक्त मेमरी वाढवायची असेल, तर बी५६० पासून पुढचे बी बोर्डही चालतात. आणखी एक, इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ चेही येतात आणि डीडीआर५ चेही. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. ऑर्डर करताना बोर्डाचं पूर्ण नाव वाचा.

दुसरी गोष्ट, व्हीआरएम. प्रोसेसरच्या सॉकेटभोवती जे जाड हीटसिंक दिसतात ना, त्यांच्याखाली हा असतो. पॉवर सप्लायकडून १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात साधारण एक ते दीड. ते उतरवून देण्याचं काम व्हीआरएमचं. रायझन ९ ७९५०एक्स पूर्ण जोरात २३० वॉटपर्यंत खेचतो. एवढ्या कमी व्होल्टेजला एवढे वॉट म्हणजे शंभर ॲम्पिअरच्या वरचा करंट. घरातला दीड टनाचा एसी सात-आठ ॲम्पिअर घेतो, त्यावरून अंदाज करा. व्हीआरएम कमजोर असेल तर तो तापतो आणि स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग खाली आणतो. म्हणजे वेग वाढवायला गेलो आणि कमी करून बसलो.

इथे आपल्याकडच्यांसाठी एक खास मुद्दा. यूट्यूबवरच्या बहुतेक टेस्ट २०-२५ अंशांच्या थंड खोलीत होतात. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि कूलर लावूनही खोली पस्तिशीच्या खाली येत नाही. व्हिडिओत ८५ अंश दाखवणारा व्हीआरएम तुमच्याकडे शंभरीला टेकू शकतो. त्यामुळे दोन बोर्डांमध्ये अडलात, तर लाइट जास्त असलेला नको, हीटसिंक मोठा असलेला घ्या. मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर उत्तमच. बायोस बिघडला तरी पेनड्राइव्हवरून परत टाकता येतो.

आता रॅम. आणि आता ताईची गोष्ट.

बी५५० बोर्ड आला. माझ्याकडे ३२०० ची ८ जीबीची एक स्टिक होती. काही महिन्यांनी दुसऱ्या कंपनीची ३६०० ची एक स्टिक स्वस्तात मिळाली. दोन्ही लावल्या, बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं, वेग ३६०० ठेवला. पीसी चालू झाला! गेम चालले, एकदाही बंद पडला नाही. मी खूश.

ताई तेव्हा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा लॅपटॉप कुरकुरायचा, म्हणून प्रोजेक्टचं काम माझ्या पीसीवर करायची. सबमिशनच्या आठवड्यात एक फाइल उघडेना. मग दुसरी. मी म्हटलं, थांब, बाहेरच्या हार्डडिस्कवर बॅकअप आहे. तीही उघडेना. कारण तो बॅकअप याच पीसीतून, याच रॅममधून गेला होता. मेमरीत जे चुकलं, ते डिस्कवर चुकीचंच उतरलं.

मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून चालवलं. काही मिनिटांत स्क्रीनवर लाल ओळी. ताई मागे उभी होती. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अरे, तुला माहीत होतं का हे असं होऊ शकतं?" मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मी विचारलंच नव्हतं. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तीन आठवड्यांपूर्वीची प्रत सापडली. तिथून पुढचं सगळं तिनं रात्री जागून पुन्हा काढलं. सबमिशन झालं. पण माझ्या पीसीला तिनं परत हात लावला नाही.

तर, रॅम घेताना लक्षात ठेवा. एक: दोन स्टिकचा एकत्र विकला जाणारा किट घ्या. त्या कंपनीनं जोडीनं तपासलेल्या असतात. वेगवेगळ्या स्टिक जमवू नका. चार स्टिकही शक्यतो नको, मेमरी कंट्रोलरवर ताण येतो आणि वेग खाली ठेवावा लागतो. दोन: बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. तीन: बोर्ड कंपनीच्या साइटवर तपासलेल्या रॅमची यादी असते, त्यात आपला किट आहे का बघा.

चार: नुसता मोठा आकडा बघू नका, सीएल पण बघा. हिशेब सोपा आहे. सीएलला दोन हजारांनी गुणा, वेगानं भागा, उत्तर नॅनोसेकंदात. ३२०० सीएल १६ म्हणजे १०. ३६०० सीएल १८ म्हणजेही १०. ३६०० सीएल १६ म्हणजे ८.९. डीडीआर५ मध्ये ६००० सीएल ३० म्हणजे १०, सीएल ३६ म्हणजे १२. पहिला शब्द हाती यायला लागणारा वेळ हा असा निघतो. वेग वाढला आणि सीएलही वाढला, तर तो वेळ तिथेच राहतो.

पाच: प्रोसेसरला झेपेल तेवढंच. रायझन ५००० साठी ३६०० ही चांगली जागा. तिथे आतला इन्फिनिटी फॅब्रिक १८०० मेगाहर्ट्झवर मेमरीच्या बरोबरीनं चालतो. बऱ्याच चिप ३८०० पर्यंत जातात, त्यापुढे बरोबरी तुटते आणि उलट उशीर वाढतो. रायझन ७००० साठी ६००० घ्या, आठ हजारांच्या मागे पैसे घालू नका.

आणि हो, किट लावला म्हणजे खोक्यावरचा वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करावं लागतं. तेही ओव्हरक्लॉकिंगच आहे बरं का. रायझन ५००० चा अधिकृत वेग ३२००, त्यावरचं सगळं तुमच्या जबाबदारीवर.

शेवटी, तपासणी. आधी महत्त्वाच्या फाइल पीसीबाहेर ठेवा. प्रोसेसर मूळ सेटिंगवर ठेवून फक्त मेमरी तपासा. मेमटेस्ट८६ चे चारही फेरे होऊ द्या. एक जरी चूक आली तरी नापास, 'एकच तर आली' असं नाही. मेमरी पास झाली की मग प्रोसेसर. आणि एकदा भर दुपारी तपासा. रात्री पास झालेली सेटिंग दुपारच्या उकाड्यात चुका देऊ शकते. पीसी चालूच होईना, तर स्विच बंद करा, वायर काढा आणि बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल काही मिनिटं काढून ठेवा. सेटिंग मूळपदावर येतात.

पीसी बंद पडत नाही म्हणजे तो बरोबर चालतोय, असं मला वाटायचं. बंद पडला असता तर बरं झालं असतं, निदान कळलं तरी असतं.

आता माझ्याकडे ३६०० सीएल १६ चा जोडीचा किट आहे, चारही फेरे पास. मागच्या दिवाळीत ताई आली होती. म्हणाली, "एक फाइल प्रिंट करायचीये, तुझ्या पीसीवरून करू का?" मी म्हटलं, कर. मग म्हणाली, "पेनड्राइव्हवर प्रत आहे माझी." म्हटलं, असूच दे.

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत तुमचा किट कोणता, वेग किती, टेस्ट केली का, ते नक्की कळवा. आणि केली नसेल तर आज रात्रीच लावून झोपा. नमस्कार!