पऱ्हाटीचा कागद आणि आपला हिशेब
(कुरुंदा, ता. वसमत येथील बैठकीत केलेले भाषण)



गेल्या काही बैठकांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. पऱ्हाटीपासून कागद होतो म्हणतात, मग आपण शेअर गोळा करून कागदाची गिरणी का काढू नये? प्रश्न चांगला आहे. त्याला टाळ्या मिळवणारे उत्तर देता येईल, पण शेअरचे पैसे तुमच्या खिशातून जाणार आहेत. म्हणून आज हिशेब मांडू.

पऱ्हाटीचा कागद होतो का? होतो. कागद म्हणजे झाडातले तंतू वेगळे करून, पाण्यात पसरून, दाबून वाळवलेला थर. खिशातली नोट काढून पाहा. तिचा कागद शंभर टक्के कापसाचा आहे. आपलाच कापूस नोट होऊन आपल्याकडे येतो आणि फार दिवस थांबत नाही, एवढेच. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात पिढ्यान् पिढ्या चिंध्यांपासून हातकागद होत आला, तोही याच गुणावर. कापूस हा जवळजवळ निखळ तंतू आहे.

पऱ्हाटीचे तसे नाही. ती झुडपाची असली तरी गुणाने लाकूड आहे. तिच्यात साधारण पाव हिस्सा लिग्निन असते. तंतूंना एकमेकांशी चिकटवून धरणारा हा पदार्थ. तो काढायला पऱ्हाटीचे तुकडे कॉस्टिक सोड्यात, वाफेच्या दाबाखाली शिजवावे लागतात. लिग्निन विरघळून काळे पाणी होते, उरतो तो लगदा. अडीच टन वाळलेल्या पऱ्हाटीतून सुमारे एक टन लगदा निघतो. बाकीचा दीड टन काळ्या पाण्यात जातो. मोठी गिरणी ते पाणी आटवते, बॉयलरमध्ये जाळते, त्यातून वाफ घेते आणि सोडाही परत मिळवते. लहान गिरणीला ती यंत्रे झेपत नाहीत. मग काळे पाणी ओढ्याला जाते आणि ओढा आपल्याच गावचा असतो.

आता आकडे. कोरडवाहूत एकरी आठ क्विंटल वाळलेली पऱ्हाटी धरा. रोज 100 टन कागद काढणारी गिरणी वर्षाला 300 दिवस चालली, तर तिला 75,000 टन पऱ्हाटी लागेल. म्हणजे 90 हजारांहून जास्त एकरांवरची. ती निघते दोन महिन्यांत आणि पुरवायची वर्षभर. तिला पावसापासून, वाळवीपासून आणि आगीपासून कोण सांभाळणार? शिवाय टनाला 40 हजार लिटर पाणी धरले, तरी रोजचे 40 लाख लिटर होते. ज्या शिवारात जनावराच्या पाण्याची चिंता, तिथे हे पाणी कुठून आणायचे?

साखर कारखान्यांच्या चिपाडापासून कागद होतो, मग पऱ्हाटीचा का नाही, असे कोणी म्हणेल. फरक ओळखा. ऊस स्वतः कारखान्याच्या दारात येतो. वाहतूक साखरेच्या खर्चात धरलेली असते आणि चिपाड एका जागी ढिगाने मिळते. पऱ्हाटी हजार बांधांवर विखुरलेली आहे. शिवाय ती इतकी पोकळ रचली जाते की ट्रक भरतो, पण वजन भरत नाही. तिचा खरा खर्च गोळा करण्यात आणि वाहून नेण्यात आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. कागदाची गिरणी हे आपले काम नव्हे. पण पऱ्हाटी कच्चा माल आहे आणि कच्च्या मालाचा भाव मागणे हे नक्कीच आपले काम आहे.

मुंबईत माटुंग्याला 1924 साली सुरू झालेली कापूस तंत्रज्ञानाची संशोधन संस्था आहे. तिथे पऱ्हाटीपासून लगदा आणि खोक्यांचा जाड कागद करून पाहिला गेला, तसेच पार्टिकल बोर्डही. बोर्डासाठी लिग्निन काढावे लागत नाही. तुकडे करायचे, वाळवायचे, चिकटद्रव्य घालून गरम दाबाखाली पाट तयार करायचा. काळे पाणी नाही. रोज 20 टन पऱ्हाटी खपली तर वर्षाला 6,000 टन, म्हणजे साडेसात हजार एकर. एवढा पसारा तालुक्याच्या आवाक्यातला आहे. जळणाच्या विटा करणारेही हाच माल घेतात. गिऱ्हाईक कोणीही असो, आपण विकायचे ते तुकडे, वाळवून आणि तोलून.

वाळवून का? ओल्या टनात चाळीस टक्के पाणी असेल, तर माल सहाच क्विंटल. वाळलेल्या टनात दहा टक्के पाणी असेल, तर माल नऊ क्विंटल. दोन्हीला टनाचा एकच भाव असेल, तर वाळवणाऱ्याच्या मेहनतीची किंमत शून्य. आणि गाडीवर, नजरेने भाव ठरला, तर तोलाचा प्रश्नच संपतो आणि आपणही संपतो.

कच्च्या मालाचा मालक कोण, यावर सगळे ठरते. पूर्व विदर्भातला बांबू वर्षानुवर्षे सरकारी दराने कागद गिरण्यांना गेला आणि बांबूजवळ राहणाऱ्यांच्या हाती तोडणीची मजुरी तेवढी आली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली 2009 साली आपल्या जंगलाचा हक्क मिळवला आणि 27 एप्रिल 2011 रोजी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती घेतले. त्यानंतर बांबू कोणाला आणि किती भावाने विकायचा, ते गाव ठरवू लागले. बांबू तोच होता. परवाना कोणाच्या हाती, एवढाच फरक पडला. आपल्या पऱ्हाटीला तर कोणाचा परवानाही लागत नाही. तरी आपण ती फुकट देतो किंवा पेटवतो.

पेटवण्याचा दोष माझ्याकडेही येतो. कृषी पदवी घेऊन नोकरीला लागलो, तेव्हा पऱ्हाटी उपटा आणि जाळा, असे मीच गावोगाव सांगत होतो. उपटा हे बरोबर होते, जाळा हे आळशी उत्तर होते. 2017 साली गुलाबी बोंडअळीने काय केले, ते तुम्ही भोगले आहे. फरदड ठेवली किंवा कवडी बोंडांसकट पऱ्हाटी बांधावर रचली, की अळी तिच्यात मुक्काम करते. म्हणून हंगाम संपताच उपटणी, लगेच तुकडे. पाला आणि पालापाचोळा रानातच राहू द्या, तो जमिनीचा वाटा आहे. घरच्या चुलीचा वाटा आधी बाजूला काढा, कारण सरपणाला लांब जावे लागते ते मायबहिणींना.

आणि ज्वारीच्या कडब्याला हात लावू नका. त्याच्यातही तंतू आहेत, पण बैलाच्या तोंडचा घास कोणत्याही गिरणीला द्यायचा नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने तीन आकडे आणावेत. कापसाखाली एकर किती, दहा गुंठ्यांतली पऱ्हाटी वाळवून तोलली तर वजन किती, आणि उपटणी व तुकडे करण्याची मजुरी किती. मजुरी, सरपणाची किंमत आणि जमिनीतून गेलेल्या खताची भरपाई, या तिन्हींची बेरीज हा आपला किमान भाव. त्याखाली एक काडीही द्यायची नाही. तराजू मात्र आधी आणा, गिऱ्हाईक नंतर बोलवू.