गळाकडून काठीकडे

गळाने मासे धरणाऱ्याच्या सामानात गळ, शिसे, दोरी, रीळ आणि काठी या पाच वस्तू मुख्य. सामान जुने झाले, थोडे पैसे हाताशी आले, की यांतली कोणती वस्तू आधी बदलावी हा प्रश्न येतो. दुकानात गेलेला हौशी माणूस बहुधा काठीपासून सुरुवात करतो. काठी नजरेत भरते, हातात धरून तोलून पाहता येते आणि चारचौघांत दिसते. तरी क्रम उलटा धरलेला बरा. माशाच्या तोंडापासून निघावे आणि हाताकडे यावे. आधी गळ, मग दोरी आणि गाठ, त्यानंतर रीळ, आणि काठी सर्वांत शेवटी. खिशाच्या दृष्टीनेही हा क्रम सोयीचा, कारण सर्वांत स्वस्त वस्तू त्यात आधी येतात.

कोकणात होडीतून हातदोरीने गरवणारे आजही आहेत. लाकडाच्या तुकड्यावर किंवा रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेली तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला शिसे आणि गळ, एवढेच त्यांचे सामान. काठी नाही, रीळही नाही. तरी गोबरा आणि तांबोशीसारखे जोरकस मासे याच दोरीने वर येतात. गळ आणि दोरी चोख असली तर बाकीच्यावाचून भागते. बोथट गळ आणि कुजकी तंगूस मात्र कितीही महागड्या काठीला लावली तरी मासा सुटायचा तो सुटतोच.

या क्रमाला एक अपवाद आहे, आणि तो आधीच सांगायला हवा. समुद्रकाठच्या खडपांवर उभे राहून गरवणाऱ्याने पहिला खर्च पायांवर करावा. भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या कातळावर शेवाळ असते आणि गुळगुळीत तळव्याची चप्पल तिथे घात करते. पकड असलेले, घोट्यापर्यंत घट्ट बसणारे बूट आणि रात्री जायचे असेल तर डोक्याला बांधायचा दिवा, या दोन वस्तू गळाच्याही आधी येतात. होडीतून जाणाऱ्यासाठी तेच स्थान लाइफ जॅकेटचे.

आता गळ. त्याची धार तपासायची रीत अगदी सोपी आहे. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पुढे ओढावे. टोक नखात अडकून थांबले तर गळ धारदार. नखावरून घसरत गेले तर बोथट. खडकावर एकदा आपटलेला किंवा दिवसभर वाळूतून फरफटलेला गळ दिसायला नवाच दिसतो, पण नखावर घसरतो. जाड, मोठे गळ बारीक कानशीने पुन्हा धारेवर आणता येतात. बारीक गळांवर ती मेहनत करण्यात अर्थ नाही, ते बदलावेत. गंजलेला गळ पेटीत इतर गळांसोबत मुळीच ठेवू नये.

गळाचे क्रमांक नवख्याला चकवतात. ८ नंबरचा गळ ४ नंबरच्या गळापेक्षा लहान असतो. १ नंबरपर्यंत आकडा घटत जातो तसा गळ मोठा होतो. त्यापुढे १/०, २/०, ५/० अशी मोजणी सुरू होते आणि तिथे आकड्याबरोबर गळही वाढतो. काळुंद्राचे तोंड लहान, त्याला बारीक गळ हवा. जिताड्याचे तोंड रुंद आणि ओढ दांडगी, म्हणून त्याला मोठा आणि जाड तारेचा गळ लागतो. पातळ तारेचा गळ त्याच्या जोराने सरळ होतो. लहान मासा परत पाण्यात सोडणाऱ्यांसाठी टोक आत वळलेला गोल गळ उत्तम. तो बहुतेक वेळा माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात रुतत नाही. मात्र हा गळ वापरताना हिसका द्यायचा नसतो. दोरी हळूहळू ताणत न्यायची, म्हणजे तो आपोआप बसतो.

दोरीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि तिथेच जास्तीत जास्त मासे सुटतात. साधी तंगूस म्हणजे नायलॉनचा एकेरी धागा. नायलॉन पाणी शोषते, म्हणून भिजलेली तंगूस कोरडीपेक्षा थोडी कमजोर असते. उन्हातले अतिनील किरण तिचा कस हळूहळू काढून घेतात. खिडकीत किंवा गाडीच्या काचेमागे महिनोन्‌महिने पडलेले रीळ त्यामुळे भरवशाचे राहत नाही. तपासायचे तर शेवटचे दोन-तीन मीटर ओल्या बोटांच्या चिमटीतून सावकाश ओढावेत. कुठे खरखर लागली, दोरी चपटी वाटली किंवा दुधी दिसली, की तिथून वरचा भाग राखून खालचा तोडून टाकावा. संपूर्ण दोरीच वेटोळी धरून राहत असेल तर ती बदलावी.

तंगूस ताणली की लांब होते. हा गुण जवळच्या माशासाठी चांगला, कारण त्याचे झटके दोरी पचवते. खोल पाण्यात मात्र हीच लांबण माशाची टोच हातापर्यंत पोहोचू देत नाही. पॉलिथिलीनच्या तंतूंची विणलेली दोरी जवळजवळ ताणत नाही आणि तेवढ्याच ताकदीला बरीच बारीक भरते. तिचा दोष असा की खडक आणि कालवांच्या धारदार कडा तिला पटकन कापतात. म्हणून तिच्या टोकाला मीटर-दोन मीटर जाड तंगूस किंवा फ्लुरोकार्बन जोडतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा १.५ च्या वर. त्यामुळे निवळ पाण्यात फ्लुरोकार्बन कमी उठून दिसतो. गढूळ खाडीत या गुणासाठी जादा पैसे मोजण्यात काहीच हशील नाही.

गाठीला खर्च नाही, पण ती सुधारली तर सगळे सामानच सुधारते. तंगुशीला मारलेली साधी एकेरी गाठ तिची ताकद निम्म्याच्या आसपास आणून ठेवते. पालोमार नावाची गाठ शिकायला सोपी आणि भक्कम आहे. दोरी दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून काढायची, सैलशी एक गाठ घ्यायची, उरलेल्या फासातून अख्खा गळ पार करायचा आणि मग आवळायचे. आवळण्यापूर्वी गाठ ओली करणे महत्त्वाचे. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथेच दुबळे होते.

रीळ घेताना खोक्यावर छापलेल्या बेअरिंगांच्या संख्येला भुलू नये. पाहायचा तो ड्रॅग, म्हणजे मासा जोरात पळाला की दोरी ताब्यात ठेवून सोडणारी व्यवस्था. तो एकसारखा सुटला पाहिजे. सुरुवातीला अडून मग झटक्याने सुटणारा ड्रॅग चांगली दोरीही तोडतो. दोरीच्या तुटण्याच्या वजनाच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर तो लावावा. १० किलोच्या दोरीला साधारण अडीच ते तीन किलो, आणि हे वजन स्प्रिंगच्या काट्यावर घरीच पाहता येते. दोरी ज्या लहान चाकावरून वळून आत जाते त्यावर खाच पडली असेल तर ते चाकच बदलावे. खाऱ्या पाण्याहून आल्यावर ड्रॅग आवळून रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे. जोराचा फवारा मारला तर मीठ आत ढकलले जाते. धुतल्यावर ड्रॅग पुन्हा सैल करून ठेवावा. पुष्कळदा नव्या रिळाची गरज नसते. जुने उघडून, साफ करून, ग्रीस भरून घेतले की ते पुढची काही वर्षे चालते.

राहिली काठी. तिच्याबद्दल तक्रार असेल तर आधी कड्या तपासाव्यात. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवावा. कुठे तंतू अडकले तर ती कडी तडकलेली आहे आणि तीच दोरी कापते आहे. एक कडी बदलणे नव्या काठीपेक्षा कितीतरी स्वस्त. काठी खरोखर बदलावी ती गरवण्याची जागा बदलली तर. तळ्याकाठी मरळीसाठी सहा-सात फुटांची काठी पुरते. खडपावरून लाटेपलीकडे गळ टाकायचा तर नऊ-दहा फुटांची लागते. काचतंतूची काठी जड पण दणकट असते, धक्के सोसते. कार्बनची हलकी असते आणि माशाची टोच हाताला स्पष्ट कळवते, पण दगडावर आपटली तर बारीक तडा जाऊन पुढे केव्हाही मोडते. शिवाय कार्बनमधून वीज वाहते, म्हणून विजेच्या तारांखाली आणि ढग गडगडू लागल्यावर ती उभी धरू नये.