कोरडं चालतं

तिखटामिठाच्या खाण्याविषयी बोलायचं म्हटलं की चवीच्या आधी आवाज आठवतात. गरम तेलात भजी सोडल्याचा, चकली मोडल्याचा, चुरमुऱ्यांतून हात फिरल्याचा. लाडू गुपचूप खाता येतो. चिवडा गुपचूप खाता येत नाही आणि एकट्यानं खाण्यात गंमतही नाही. जुन्या वर्तमानपत्रावर भडंग पसरावी, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू पडावं आणि चौघांचे हात एकाच ढिगात जावेत. शेवटी उरलेल्या शेंगदाण्यांवर मात्र प्रत्येकाचा डोळा असतो!

आमच्या सांगली-मिरजेकडे भडंगेचं कौतुक भारी. तिचा जीव चुरमुऱ्यात. उकडून वाळवलेल्या तांदळाला मिठाचं पाणी लावतात आणि भट्टीवर तापलेल्या वाळूत तो टाकतात. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि बघता बघता दाणा फुलतो. मग चाळणीतून वाळू खाली, चुरमुरे वर. हे भडभुंज्याचं काम. त्याच्याच भट्टीवर फुटाणे भाजले जातात. हे चुरमुरे-फुटाणे देवीच्या जत्रेतही जातात आणि पीरसाहेबांच्या उरुसातही. देवळात त्यांना प्रसाद म्हणतात, दर्ग्यात तबर्रुक म्हणतात. पोतं एकच असतं.

जुन्या माणसांच्या तोंडी दोन शब्द असत, ‘कोरडं चालतं.’ जातीपातीच्या समाजात कोणाच्या हातचं काय खावं याचे नियम फार कडक. भात-आमटी, म्हणजे पाण्यात शिजलेलं, दुसऱ्याच्या घरचं चालत नसे. भाजलेल्या-तळलेल्या कोरड्या जिन्नसांना पुष्कळ ठिकाणी सवलत होती. हिंदी मुलखात याच भेदाला ‘कच्चं’ आणि ‘पक्कं’ अन्न म्हणत. पाण्यात शिजलं ते कच्चं, तुपात तळलं ते पक्कं. या सवलतीचं कौतुक करण्यासारखं काही नाही. ती देणाऱ्याच्या मर्जीची होती, आणि ज्यांच्या ओंजळीत पाणीसुद्धा वरून ओतलं जाई त्यांना तीही मिळाली नाही. पण त्या बंद दारालाही एक फट होती आणि त्या फटीतून चिवडा आत गेला.

मी हे लहानपणी पाहिलं आहे. ईदेला अम्मी शेजारी शीरखुर्मा पाठवायची. तिथल्या आजी तो घेत नसत. त्यांची नातवंडं मात्र आमच्या ओट्यावर बसून वाट्या रिकाम्या करत आणि आजी तिकडे पाठ करून तांदूळ निवडत बसत. चिवड्याचं ताट गेलं की आजी ते स्वतःच्या हातांनी घेत. ताट कधी रिकामं परत आलं नाही. त्यात चार शेंगा, मूठभर पोहे, काहीतरी असायचंच. दिवाळीत त्यांच्याकडून ताट यायचं, त्यावर विणलेला रुमाल असायचा. चकलीला काटा सुटला नाही तर त्या ती आमच्याकडे पाठवत नसत. परक्या घरी जाणारी वस्तू चांगलीच हवी, हा मानही त्याच आजींचा होता.

आता या ताटातल्या वस्तूंचंच गाव विचारू. समोशाचं फारसी नाव संबोसा. १३३० च्या दशकात इब्न बतूता दिल्लीला मुहम्मद तुघलकाच्या दरबारी आला. तिथे त्यानं जो समोसा खाल्ला, त्यात खिमा, बदाम, पिस्ते आणि कांदा होता. बटाटा नव्हता. कसा असेल? बटाटा दक्षिण अमेरिकेतला. तो पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि त्यांचं नावही घेऊन आला. वडा मात्र या मातीतला जुना. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘वटक’ आहे. पुढे या जुन्या वड्याच्या पोटात अमेरिकेचा बटाटा गेला, अंगावर बेसन चढलं आणि तो पोर्तुगीज नावाच्या पावात जाऊन बसला. आज वडापावाशिवाय मुंबईचं पान हलत नाही.

उपासाचं ताट तर त्याहून नवलाचं. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, शेंगदाणा, मिरची, बटाटा, सगळे अमेरिका खंडातले. तमिळनाडूत सेलमला साबुदाण्याचे कारखाने निघाले तेच मुळी १९४० च्या दशकात. एकादशीला या परदेशी पाहुण्यांना सोवळ्यात जागा मिळाली आणि पिढ्यान् पिढ्या इथे पिकणाऱ्या ज्वारीला, तुरीला त्या दिवशी दाराबाहेर थांबावं लागलं. उलट आमच्या रोजाच्या इफ्तारीला खजुरानंतर हात जातो तो कांदाभज्यांकडे. अरबस्तानात कोणाला ठाऊक असतील कांदाभजी? पण आमच्याकडे त्यांच्याशिवाय रोजा सुटल्यासारखा वाटत नाही.

२०२३ साली २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. अनेक गावांतल्या मुसलमानांनी आपण होऊन कुर्बानी पुढे ढकलली. त्या दिवशी सकाळी आमच्या समोरच्या वहिनींनी साबुदाण्याचे वडे पाठवले. ताट रिकामं कसं पाठवायचं? आणि उपासाच्या घरी पाठवायचं तरी काय? बायकोनं त्यात खजूर ठेवले. खजूर रोजालाही चालतो आणि एकादशीलाही. हा तोडगा तिला क्षणात सुचला. आम्ही कवी मंडळी विचारच करत बसलो असतो.

कार्यक्रमानंतर मला अजूनही कोणीतरी प्रेमानं म्हणतं, ‘तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मी हसून आभार मानतो. पण घरी जाताना मनात येतं, की बटाट्याला कोणी असं म्हणत नाही. तो इथलाच धरून चालतात. मला मात्र दर वेळी परीक्षेत पास व्हावं लागतं. माझ्या वाडवडिलांनी याच भाषेत बाजार केला, याच भाषेत भांडणं केली आणि मिटवली. माझ्या कवितेला वेगळा दाखला कशाला हवा?

आता चिवडा पाकिटात आला आहे. पाकीट ज्याचं त्याचं. फ्लॅटचं दार बंद असतं आणि समोरच्या दारावरची पाटी वाचून आपण ठरवतो, की यांच्याकडे ताट पाठवावं की नको. त्या आजींच्या काळी नियम कडक होते, पण ताट फिरत होतं. आज तो नियम बराचसा गेला आहे. सारखं भात-आमटीचं ताटही कोणाकडून कोणाकडे जाऊ शकतं. नेमकं आत्ताच ते थांबावं, याचं वाईट वाटतं.

म्हणून एवढंच सुचवतो. या दिवाळीला, नाहीतर येत्या ईदेला, ज्या दारावर आजवर बेल वाजवली नाही तिथे एक ताट घेऊन जा. चिवडा फार तिखट करू नका, समोर लहान मुलं असतील. आणि ताट तिथेच ठेवून या. ते परत करायला कोणीतरी येईलच.