एका हजेरीत किती डाळ?

आज आपण मजुरीबद्दल बोलणार आहोत, पण रुपयांत नाही. डाळीत, तेलात आणि कांद्यात बोलणार आहोत. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, नसेल तर तोंडी हिशोबही होईल.

रोजगार हमीच्या कामाचा दर 2025-26 या वर्षासाठी आपल्या राज्यात दिवसाला 312 रुपये झाला. त्याच्या आदल्या वर्षी तो 297 होता. पंधरा रुपये वाढले, म्हणून बऱ्याच गावांत बाया खूश झाल्या. पण मजुरी वाढली की नाही हे रुपयांवरून कळत नाही. त्या रुपयांत घरात काय येतं, यावरून कळतं.

दिवसाचं काम आठ तासांचं धरतात, त्यात एक तास विसाव्याचा. 312 ला 8 ने भागा. तासाला 39 रुपये आले. म्हणजे एका मिनिटाला 65 पैसे. आता दुकानात जा. तूरडाळ 120 रुपये किलो असेल तर एका किलोसाठी तीन तासांहून थोडं जास्त राबावं लागतं. तेलाची पिशवी 150 ला असेल तर जवळजवळ चार तास, म्हणजे सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंतचं सगळं काम एका पिशवीचं. सात रुपयांचं अंडं अकरा मिनिटांचं. तीस रुपये किलोचा कांदा पाऊण तासाचा. माझे भाव तुमच्या गावात चालतीलच असं नाही. तुमच्या दुकानाचे घ्या, रीत तीच.

यात एक फसगत असते, ती सांगते. एकाच वस्तूवरून निकाल लावायचा नाही. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये कित्येक शहरांत तूरडाळ 200 रुपयांच्या वर गेली होती. तेव्हा रोजगार हमीचा दर होता 181 रुपये. दिवसभर माती उचलून एक किलो डाळ येत नव्हती! 2025-26 च्या 312 रुपयांत अडीच किलो येते. म्हणजे दहा वर्षांत आपण अडीच पटीने सुखी झालो का? नाही. तेव्हाचा भाव दुष्काळामुळे भडकलेला होता. आता तेल बघा. 2019-20 ला दर 206 रुपये होता आणि सोयाबीन तेल शंभराच्या आतबाहेर, म्हणजे दिवसाच्या मजुरीत दोन पिशव्या यायच्या. 2021 मध्ये मजुरी 248 झाली, पण तेल दीडशेच्या वर गेलं. मजुरी बेचाळीस रुपयांनी वाढली आणि घरात तेल कमी आलं. कुणाला मजुरी वाढली असं दाखवायचं असेल तर तो डाळ दाखवेल, घटली असं दाखवायचं असेल तर तेल. म्हणून आपण पाच-सहा वस्तू मिळून बघायच्या, आणि दरवर्षी त्याच महिन्यात.

धान्य मी यात धरलं नाही, कारण रेशनचं धान्य 2023 च्या जानेवारीपासून फुकट आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, अंत्योदयला कार्डामागे 35 किलो. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांचा प्रश्न भाकरीचा होता, मिलो आणि सुकडीवर दिवस काढले होते. आज भाकरीचा प्रश्न थोडा मागे सरला आहे, भाकरीबरोबर काय खायचं हा पुढे आला आहे. ज्यांचं कार्ड नाही किंवा नाव वगळलं गेलं आहे, त्यांनी मात्र धान्यही हिशोबात धरा.

आता पाच माणसांचं घर घ्या. दिवसाला पाव किलो डाळ 30 रुपये, शंभर मिली तेल 15, भाजी 40, अर्धा लिटर दूध 30, कांदा-बटाटा 15, चहा-साखर-मीठ-मिरची 20. झाले 150. तुम्ही म्हणाल, 312 मधून निम्मे तर उरले. पण हजेरी रोज कुठे लागते? महिन्यात पंधरा दिवस काम मिळालं तर 4680 रुपये झाले. तीस दिवसांवर वाटले की दिवसाला 156. घरात ही एकच मजुरी असेल तर उरले सहा रुपये. त्यात गॅस, औषध, मुलांच्या वह्या आणि मोबाइलचं रिचार्ज. आणि हेही पूर्ण दर मिळाला तर! काम मोजमापावर असतं, जमीन मुरमाड निघाली की मोजमाप कमी भरतं.

किमान वेतन कसं ठरवावं याचं एक जुनं माप आहे. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने ते घालून दिलं: अन्न, वर्षाला 72 यार्ड कापड, घरभाडं, इंधन. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी वगैरेंसाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितलं. माप चांगलंच आहे. पण त्यात कुटुंब म्हणजे तीन एकक: पुरुष एक, बाई शून्य पूर्णांक आठ, दोन मुलं प्रत्येकी शून्य पूर्णांक सहा. पाटीभर माती डोक्यावर नेणारी, वरून पाणी भरणारी बाई पुरुषापेक्षा कमी खाते हे कुणी ठरवलं? आणि सासू-सासरे तर त्या घरात नाहीतच.

रोजगार हमीच्या दराला हे माप लागत नाही. तो दरवर्षी शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढत आला, आणि एवढी वर्षं त्या निर्देशांकाचा पाया 1986-87 चा होता. तेव्हाच्या घरात काय खरेदी होत होतं, ते आठवा.

आपल्यातल्या काहीजणी मजुरीलाही जातात आणि घरची दोन एकर तूरही विकतात. त्यांच्यासाठी डाळ स्वस्त होणं ही सरळ आनंदाची गोष्ट नाही. 2025-26 च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला 8000 होता. त्याखाली तूर गेली तर मजुरीत मिळवलेलं तुरीत जातं. या बायांनी वहीत दोन रकाने करावेत, घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव.

आणि ही वही गटाच्या बैठकीतच लिहा, कर्जाच्या हप्त्यांच्या नोंदीनंतर पाच मिनिटं. वर तारीख, खाली सहा वस्तूंचे भाव, शेजारी रोहयोचा दर आणि गावातला खुरपणीचा दर, बाईचा वेगळा आणि गड्याचा वेगळा. खुरपणीचा दर ठरवायला बसाल तेव्हा "महागाई वाढली" असं म्हणू नका. "गेल्या जूनमध्ये एका हजेरीत एवढं तेल येत होतं, आता एवढं येतं" असं म्हणा. ग्रामसभेतही हाच कागद वाचा आणि ठरावात लिहून घ्या.

तेलाचा भाव लिहिताना पिशवीवरचे ग्रॅम वाचा. एक लिटर म्हणजे साधारण 910 ग्रॅम. दिसायला तेवढ्याच असलेल्या काही पिशव्यांवर त्याहून कमी लिहिलेलं असतं. भाव तोच, तेल कमी. तेही वहीत लिहा.