बाळंतिणीच्या उशाशी कोण?



रावेरच्या कोणत्याही आळीत दिसणारे हे चित्र आहे. पुण्याला किंवा सुरतेला दिलेली लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते. रुग्णालयात सुखरूप प्रसूती होते आणि दोन-तीन दिवसांत लेक-नातू घरी येतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, सारे सज्ज असते. त्याच रात्री बाळ रडू लागते आणि थांबतच नाही. आईच्या स्तनाग्रांना चिरा पडलेल्या असतात, डोळ्यांत पाणी असते. कोणीतरी म्हणते, ‘हिला दूधच पुरत नाही.’ घरातला कर्ता पुरुष अवेळी औषधांच्या दुकानाचे दार ठोठावतो आणि पावडरीचा डबा घेऊन येतो.

त्या घरात कोणाचाही हेतू वाईट नसतो. परंतु दूध मागणीनुसार तयार होते. डब्याने पोट भरलेले बाळ कमी ओढते. कमी ओढले की दूध कमी बनते. आठवड्याभरात ‘दूध पुरत नाही’ हे विधान खरे ठरते आणि दोष मात्र त्या मुलीच्या माथी बसतो.

स्तनपान निसर्गदत्त आहे, पण ते जमणे हे शिकण्याचे काम आहे. एकत्र कुटुंबात मुलगी थोरल्या जावेला, बहिणीला पाहून शिकत असे. अनुभवी सुईण शेजारी बसत असे. ती शाळा बंद झाली आणि तिची जागा रुग्णालयाने पूर्णपणे घेतली नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या. पहिल्या तासाच्या आत स्तनपान मात्र ४१.८ टक्के बालकांनाच मिळाले. रुग्णालय आहे, डॉक्टर आहेत, आणि बाळाला छातीशी लावून देणारा हात नाही, असा याचा अर्थ. सिझेरियन झाले तरी परिचारिकेने आधार दिल्यास बहुतेक मातांना लवकरच पाजता येते.

आपल्याकडे गाय व्याली की खरवसाची वाटी शेजारीपाजारी जाते. आईचा चीक मात्र अजूनही काही घरांत पिळून टाकतात आणि बाळाच्या जिभेवर मध ठेवतात! येथे स्पष्ट बोलले पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर दूध उतरते, हे सुश्रुतसंहितेतील निरीक्षण आजही खरे आहे. भरपूर दूध तेव्हाच येते. परंतु तोवर सांगितलेले मध-तूप आता वर्ज्य आहे. वर्षाच्या आतील बाळाला मधातील जिवाणूंपासून जीवघेणा आजार होऊ शकतो. त्या दिवसांत थोडासा चीकच पुरतो, कारण बाळाचे जठरच लहान असते. कौमारभृत्याला आयुर्वेदाच्या आठ अंगांत स्थान देणाऱ्या परंपरेला नवे ज्ञान स्वीकारण्यात कमीपणा का वाटावा?

उन्हाळ्याचेही तसेच. खान्देशातल्या मे महिन्यात ‘लेकराचा घसा सुकतो’ म्हणून चमच्याने पाणी पाजतात. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. पहिले सहा महिने वेगळे पाणी लागत नाही. पाणी आईने प्यावे.

या विषयात महाराष्ट्राचे काम मोठे आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणारे राष्ट्रीय जाळे १९९१ साली वर्ध्यात स्थापन झाले. १९९२च्या कायद्याने शिशुदुधाच्या डब्यांची जाहिरात आणि मोफत नमुने यांवर बंदी आणली. २००३ साली तो अधिक कडक झाला. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या घरात परदेशी कंपनीचा डबा सर्वांत आधी बाळाच्या तोंडी जावा, ही विसंगतीच आहे. मात्र काही थोड्या मातांना खरोखरच दूध कमी येते, काहींना आजारामुळे पाजता येत नाही. तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने डबा घेणाऱ्या आईला कोणी अपराधी ठरवू नये.

जाणकार मदतनीस नेमके काय करतो? तो उपदेश करीत नाही, पाहतो. बाळाचे तोंड मोठे उघडले आहे का, हनुवटी स्तनाला टेकली आहे का, केवळ स्तनाग्र न धरता खालचा काळसर भागही तोंडात आहे का. पकड सुधारली की चिरांचे दुखणे बहुधा ओसरू लागते. पहिल्या आठवड्याअखेर दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लघवी आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माइतके वजन, हे दूध पुरत असल्याचे पुरावे; केवळ रडणे हा पुरावा नव्हे.

खेड्यांत ‘आशा’ कार्यकर्ती रुग्णालयातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येते. या गृहभेटींच्या पद्धतीमागे गडचिरोलीतील डॉ. अभय व राणी बंग यांचे संशोधन आहे. ‘आमचे डॉक्टर आहेत’ म्हणून सुखवस्तू घरांतून तिला ओट्यावरूनच परत पाठवतात. तिला आत बोलवा, पाजताना पाहू द्या. केळीच्या बागेत राबणाऱ्या मजूर मातेला तर तिच्यावाचून दुसरे कोणीच नसते.

शहरातल्या मध्यमवर्गीय आळीत ‘आशा’ बहुधा पोहोचत नाही. तेथे महिला कार्यकर्त्यांनी रावेर, सावदा, निंभोरा येथील प्रशिक्षित परिचारिका आणि बालरोगतज्ज्ञ यांची नावे आजच मिळवून ठेवावीत. डोहाळजेवणाची यादी होते तेव्हाच लेकीला घेऊन त्यांच्याकडे एकदा जाऊन यावे. बरोबर आजीलाही न्यावे. रात्री बाळ रडेल तेव्हा घरात शब्द तिचाच चालणार आहे.