उतू न गेलेलं दूध



दूध तापत ठेवून त्याच्यासमोर उभं राहणं किती जिकिरीचं असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. उतू गेलं की सगळं घर विचारतं, लक्ष कुठं होतं? उतू गेलं नाही, तर कुणी काहीच बोलत नाही. धुमसत्या डोंगरासमोर असंच उभं राहणाऱ्या माणसाविषयी, म्हणजे ज्वालामुखी वेधशाळेच्या प्रमुखाविषयी, आज बोलतो. सांगायचं आहे ते एकच: खरा न ठरलेला इशारा म्हणजे खोटा इशारा नव्हे.

फिलिपीन्समधला पिनातुबो पाचशे वर्षं निजला होता. २ एप्रिल १९९१ रोजी त्याच्यावर वाफेचे स्फोट झाले. तिथल्या ज्वालामुखी व भूकंपशास्त्र संस्थेचे प्रमुख होते रेमुंडो पुनोंगबायान. त्यांच्या माणसांनी आणि मदतीला आलेल्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी डोंगराभोवती भूकंपमापक बसवले, बाहेर पडणारा वायू मोजायला घेतला. १३ मेला सल्फर डायऑक्साइड दिवसाला सुमारे ५०० टन होता. २८ मेला तो ५,००० टनांच्या वर गेला. आणि मग एकदम उतरला.

इथं कुणीही सुटकेचा श्वास टाकला असता. पण पुन्हा त्या दुधाकडे बघा. वर साय धरली की वाफ दिसेनाशी होते, पातेलं शांत वाटतं. वाफ मात्र सायीखाली कोंडत असते. पिनातुबोच्या नळीचं तोंड तसंच बुजलं असावं, असं शास्त्रज्ञांनी ताडलं.

प्रमुखाची खरी कसोटी इथून पुढे. दूध वर आलं की आपण गॅस बंद करतो. डोंगराखालचा विस्तव कुणाला बंद करता येत नाही. हलवायची ती माणसंच, आणि तीही पुरती खात्री होण्याआधी. कारण खात्री होते तेव्हा पळायला वेळ उरत नाही. इशाऱ्याच्या पाच पातळ्या ठरल्या. डोंगर जरा निवळला म्हणून पातळी लगेच खाली आणायची नाही, ठरलेला काळ थांबायचं, असाही नियम केला. आच कमी केली तरी दूध क्षणभर चढतच असतं ना, तसं. हा डोंगर ज्वालामुखी आहे हेच ज्यांना पटत नव्हतं, त्यांना ज्वालामुखीतज्ज्ञ मॉरिस क्राफ्ट यांची चित्रफीत दाखवली: तप्त राखेचे लोट कसे धावतात, चिखलाचा पूर कसा येतो. क्राफ्ट स्वतः ३ जूनला जपानच्या उन्झेनवर, पत्नी कात्यासह, तशाच लोटात गेले.

१० जूनला क्लार्क या अमेरिकी हवाई तळावरून सुमारे १४,५०० माणसं हलवली. रिकामं करायचं वर्तुळ वाढत वाढत ४० किलोमीटरपर्यंत गेलं. १५ जूनला पिनातुबो फुटला, विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक. त्याच दिवशी चक्रीवादळही आलं. भिजलेल्या राखेच्या भारानं छपरं कोसळून माणसं दगावली. तरीही निदान ५,००० जीव वाचले, असा अंदाज आहे.

आता समजा, त्या दिवशी डोंगर फुटलाच नसता तर? पुनोंगबायान तेच, मोजमाप तेच, निर्णयही तितकाच शहाणपणाचा. आपण मात्र त्यांना काय काय बोललो असतो!

उलटं उदाहरण कोलंबियातलं. ऑक्टोबर १९८५ मध्ये नेवादो देल रुइझ या ज्वालामुखीचा धोक्याचा नकाशा तयार होता, आणि आर्मेरो गाव चिखलाच्या वाटेवर आहे हे त्यात दिसत होतं. नकाशा लोकांना घाबरवतो, अशी ओरड झाली. १३ नोव्हेंबरला राख पडत असताना गावच्या रेडिओवरून शांत राहायला सांगितलं जात होतं. रात्री नऊनंतर मोठा स्फोट झाला. चिखल गावात पोचायला सुमारे अडीच तास लागले. तेवढ्यात चालत उंचवटा गाठता आला असता. २०,००० हून अधिक माणसं त्या रात्री गेली. हे रेडिओवरूनच सांगताना मला जड जातं.

ग्वादलूप बेटावर १९७६ मध्ये ज्वालामुखीच्या इशाऱ्यामुळे ७०,००० हून अधिक लोक कित्येक महिने घराबाहेर राहिले आणि मोठा उद्रेक झालाच नाही. हारून ताझिएफ आणि क्लोद आलेग्र हे शास्त्रज्ञ त्यावरून जाहीरपणे भांडले. वेधशाळेनं एका आवाजात का बोलावं, हे त्यातून... पण तो विषय मोठा आहे, आणि माझी वेळ संपत आली.

आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला. मग आपल्याला याचं काय, असं म्हणू नका. वादळाचा इशारा येतो, कोकणात होड्या किनाऱ्याला ओढतात, वादळ दुसरीकडे वळतं. मग इशारा देणाऱ्याची टिंगल सुरू होते. बुडालेल्या दिवसाचं दुःख खरं आहे, त्याची भरपाई मागा, जरूर मागा. पण टिंगल करू नका. टिंगलीला भिऊन पुढच्या वेळी कुणी गप्प बसलं, तर काय होतं ते आर्मेरोनं दाखवलं आहे.

म्हणून पुन्हा सांगतो. इशारा आला, घर सोडलंत आणि काहीच घडलं नाही, तर परत येऊन कुलूप उघडताना चिडू नका. तुमच्यासाठी कुणीतरी रात्रभर पातेल्यासमोर उभं होतं, एवढं आठवा.