मधुमेह : श्रीमंतांचा आजार?

(नवी मुंबईतील एका व्याख्यानाचा सारांश)



मधुमेह हा सुखवस्तू, बसून खाणाऱ्या माणसांचा आजार, अशी आपली दृढ समजूत आहे. ही समजूत आज तपासून पाहू या.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. याच पाहणीच्या २०१७ च्या अहवालातील एक आकडा मात्र अंतर्मुख करणारा आहे. चंडीगढ शहरात उच्च आर्थिक स्तरात मधुमेहाचे प्रमाण १२.९ टक्के होते, तर निम्न स्तरात २६.९ टक्के! शिवाय पाहणी झालेल्या १५ राज्यांत जवळपास निम्म्या मधुमेहींना आपल्या आजाराची कल्पनाच नव्हती.

असे का व्हावे? उत्तराचा एक धागा पुण्यात सापडतो. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. आपल्या बालकांत स्नायू कमी होते. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आईच्या पोटात कुपोषण सोसलेला हा देह पुढे शहरी खाण्याला आणि धकाधकीला सामोरा गेला, की मधुमेह त्याला लवकर गाठतो.

आता आपल्या नवी मुंबईकडे पाहा. वाशीच्या बाजारसमितीत पाठीवर गोणी वाहणारे कित्येक माथाडी बांधव सातारा-पुण्याकडच्या खेड्यांतूनच आले आहेत. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला औषध विनामूल्य मिळाले, तरी रुग्णालयाच्या रांगेत दिवसाची मजुरी बुडते. मग तपासणी लांबते, पायाची जखम चिघळते आणि कमावता हातच घरी बसतो.

इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटोत लागला. संशोधकांनी त्याचे स्वामित्वहक्क विद्यापीठाला प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला दिले. औषध सर्वांचे व्हावे, हाच त्यामागचा हेतू. परंतु न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. ज्या खोलीत फ्रीज नाही, तेथे ते मातीच्या ओल्या मडक्यात जपावे लागते. शोध सर्वांचा झाला. सोय मात्र सर्वांची झाली नाही.

म्हणून केवळ 'गोड कमी खा' असा उपदेश पुरेसा नाही. वस्तीत सकाळी, कामाची वेळ होण्यापूर्वी, रक्ततपासणी पोहोचली पाहिजे. साखर अधिक आढळल्यास त्या व्यक्तीला डॉक्टरांपर्यंत नेणारा कार्यकर्ता हवा. गर्भवतीच्या ताटात पुरेसे अन्न हवे, कारण पुढच्या पिढीचा मधुमेह तेथेच रोखता येतो.

आणि आरंभ घरापासून करू या. आपली स्वतःची साखर आपण वर्षातून दोनदा तपासतो. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईंची साखर शेवटची कधी तपासली गेली? हा प्रश्न आज प्रत्येकाने स्वतःला विचारावा, एवढेच सांगून मी थांबतो.